मैदानाचा मक्ता

प्रो कबड्डी लीगच्या २०२४ सालच्या अकराव्या हंगामात मुंबईच्या नावाने खेळणाऱ्या यू मुम्बा या संघाला मुंबईत एकही सामना खेळता आला नाही. सारा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच ठिकाणी उरकण्यात आला, तरी संघाच्या नावातील मुंबई जशीच्या तशी राहिली, आणि धुळ्याच्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले व पुढे बरीच वर्षे एका तालमीचे चिटणीसपद सांभाळलेले आमचे तात्या या एका गोष्टीने इतके अस्वस्थ झाले की भेटेल त्याला ते विचारू लागले, की ज्या कुळाचा जमिनीवर पाय पडत नाही त्याचे नाव सातबाऱ्यावर राहते कसे. त्यांचा भाचा श्रीकांत जळगावला असतो आणि वाहिन्यांवरील जाहिरातींचा वेळ विकणे हा त्याचा व्यवसाय आहे. तेव्हा हा प्रश्न त्याच्यापुढे आज ना उद्या यायचाच होता. तो आला पौष महिन्यातील एका भरीतपार्टीत, शेतात. बामणोदची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजली जात होती, कळण्याच्या पुऱ्या तळायच्या होत्या, आणि तोवर बोलण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. मी तिथे तिसरा होतो; बोलणे बहुतेक त्या दोघांचेच झाले.

तात्यांनी आरंभ मुंबईपासून केला नाही, धुळ्यापासून केला. "महाराष्ट्र केसरीचे पहिले अधिवेशन १९६१ साली औरंगाबादेस झाले," ते म्हणाले, "आणि दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, ते आमच्या धुळ्यास आले. भगवान मोरे जिंकले. १९६६ साली ते तुमच्या जळगावास होते, तेव्हा दीनानाथ सिंह. मधल्या काळात अमरावती झाली, नाशिक झाले. पुढे खामगाव, अलिबाग, लातूर. खामगाव म्हणजे काय मोठी राजधानी होती? पण मल्ल गावात येत, गाव त्यांना जेवू घाली, आणि वर्षभर पोरे त्याच गोष्टी करीत तालमीत घाम गाळत. आता २०१८ साली तुझ्या वाहिनीवाल्यांनी कुस्तीची दंगल भरवली. संघ सहा. पुणेरी उस्ताद, मुंबई अस्त्र, कोल्हापुरी मावळे, यशवंत सातारा, विदर्भाचे वाघ, वीर मराठवाडा. विदर्भाला वाघ मिळाले, मराठवाड्याला वीर मिळाले, आणि ज्या चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे मानाची गदा नेली, त्या खानदेशाच्या वाट्याला एक विशेषणसुद्धा आले नाही. आणि हे सहाही संघ खेळले कुठे? पुण्यात!"

"मामा, वाहिनीने खानदेशावर सूड उगवला नाही," श्रीकांत म्हणाला. "तिने हिशेब केला, इतकेच. कॅमेरे, दिव्यांचे मनोरे, प्रक्षेपणाची गाडी आणि दीडदोनशे माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायची, त्यांच्या मुक्कामाची सोय लावायची, आणि हे दर चार दिवसांनी करायचे, तर मिळकतीचा मोठा हिस्सा रस्त्यावरच संपतो. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली तेव्हा प्रत्येक शहरात चार रात्री असा तिचा फिरता मुक्काम होता. पहिल्या हंगामात तिला त्रेचाळीस कोटींवर प्रेक्षक लाभल्याचे जाहीर झाले, आयपीएलच्या खालोखाल. पण ते प्रेक्षक बालेवाडीच्या खुर्च्यांवर बसलेले नव्हते, तुमच्या-माझ्या घरात बसलेले होते. नंतर साथीच्या काळात २०२१-२२चा सबंध हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलात, एकही प्रेक्षक आत न घेता खेळवला गेला, आणि तो दिसायला उणा दिसला नाही. मैदानावर माणसे नसली तरी चालते हे एकदा कळल्यावर मैदाने बारांची तीन व्हायला कितीसा वेळ लागणार?"

हे तो ज्या सहजतेने बोलला ती मला थोडी बोचली, पण त्याच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. जाहिरातदार मुलूख विकत घेत नाही, रात्रीचे आठ ते दहा हे दोन तास विकत घेतो, आणि ज्याने ते विकत घेतले त्याला सामना धुळ्यात चालला आहे की नोएडात याची फिकीर असण्याचे कारण नाही.

"पण मामा, वेळ कोणी ठरवायची हा प्रश्न टेलिव्हिजनने निर्माण केला असे तुम्ही म्हणाल तर ते मात्र मला मान्य नाही," श्रीकांत पुढे म्हणाला. "यात्रेतल्या दंगलीची वेळ कोण ठरवीत होते? सूर्य."

इथे वाचकांपैकी ज्यांनी खानदेशातली यात्रा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे थांबले पाहिजे. चैत्राच्या सुमारास, रब्बीचे पीक घरात आल्यावर आणि पेरणीला अवकाश असताना, नदीच्या वाळूत किंवा गावालगतच्या शेतात आखाडा उकरतात. दुपार कलली की आधी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागतात. जिंकणाऱ्यालाही रेवड्या, हरणाऱ्यालाही रेवड्या. मग इनाम वाढत जाते आणि मल्लांचे वय व वजन त्याबरोबर वाढत जाते. फेटा बांधलेला पंच जोडीचे हात धरून आखाड्याभोवती फिरवतो आणि कोणी प्रतिष्ठित गृहस्थ गर्दीतून उठून वाढीव इनामाचा बोल बोलतो, तो पुकारा होताच डफावर थाप पडते. मानाची कुस्ती सर्वांच्या शेवटी, आणि ती दिवेलागणीच्या आत निकाली व्हावी लागते, कारण अंधारात पाठ टेकली की नाही हे कोणी सांगायचे? दोन्ही मल्ल तोलामोलाचे असले आणि कोणीच धोका पत्करीत नसला की लोक ओरडू लागतात, पंच एकदा मावळतीकडे आणि एकदा इनाम देणाऱ्याकडे पाहतो, आणि कुस्ती बरोबरीत सोडवतो. सूर्याचे वेळापत्रक होते आणि त्यात अन्यायही होता. चित होण्याच्या बेतात आलेले कितीतरी मल्ल केवळ अंधाराने तारले असतील.

तात्यांनी हे कबूल केले, पण अर्धेच. "सूर्य कोणाकडून पैसे घेत नव्हता," ते म्हणाले. "आणि बोल बोलणारा माणूस समोर बसलेला असे. त्याने पक्षपात केला तर गाव त्याला दुसऱ्या दिवशी विहिरीवर विचारू शके. तुझा प्रायोजक कुठल्या विहिरीवर भेटतो?"

"प्रायोजक भेटत नाही, पण त्याचे पैसे खेळाडूला भेटतात," श्रीकांतने उत्तर दिले. "२०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमार सर्वांत महागडा ठरला, साडेबारा लाखांच्या थोडा वर, आणि तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. २०२३ साली पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांवर बोली लागली. गावच्या खुल्या सामन्यांत जिंकणाऱ्या संघाला ढाल, नारळ आणि टॉवेल मिळत होते, मामा. ढालीने घर चालत नाही. आधी रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी लागली तरच माणूस कबड्डी खेळत राही, नाहीतर लग्न झाले की संपले. दोन कोटींचे राहू द्या, पाचदहा लाखांचा जो साधा खेळाडू आहे त्याच्या घरी जाऊन विचारा, सामना मुंबईत हवा की नोएडात चालेल."

या मुद्द्याला तात्यांजवळ उत्तर नव्हते आणि ते देण्याचा त्यांनी आव आणला नाही, ही त्यांची जुनी सचोटी. त्यांनी मोर्चा नियमांकडे वळवला. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा नाहीतर बाद व्हायचे, तीन किंवा कमी बचावपटूंनी चढाईपटू पकडला तर जादा गुण, मातीच्या जागी रंगीत मॅट. हे सर्व खेळाच्या हितासाठी झाले की दोन जाहिरातींमधला वेळ रिकामा जाऊ नये म्हणून, असा त्यांचा सवाल होता. माझ्या मते तो सवाल चुकीच्या जागी होता. आघाडी मिळालेला संघ मध्यरेषेवर नुसता दम घुमवीत सामना मारून नेतो हे पूर्वी मैदानावरच्या प्रेक्षकालाही आवडत नसे, आणि तिसऱ्या चढाईला निघालेला खेळाडू, त्याच्या डोक्यावर उलटा धावणारा आकडा, बोनसरेषेच्या अलीकडे एक पाय मागे खेचून उभा राहिलेला कोपऱ्यातला बचावपटू, हे दृश्य ज्याने जवळून पाहिले आहे तो या नियमांना नावे ठेवणार नाही. टेलिव्हिजनने कबड्डीला काही चांगले नियम दिले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. त्याने काय नेले तो हिशेब वेगळा आहे, आणि तो मैदानाचा आहे.

मैदानाच्या हिशेबात तात्या निष्णात. भाडेपट्टा, मक्ता, वहिवाट या विषयांवर त्यांनी उभी हयात घालवलेली. "या राज्यातील मोठ्या क्रिकेट मैदानांची कुळकथा काढ," ते भाच्याला म्हणाले, "तुला प्रत्येक वेळी खेळाच्या आधी भांडण सापडेल. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली उभे राहिले, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. सामने भरवायचे मुंबई क्रिकेट संघटनेने, आणि तिकिटांच्या किती जागा संघटनेला द्यायच्या ते ठरवायचे क्लबाने. विजय मर्चंट क्लबाचे अध्यक्ष, शेषराव वानखेडे संघटनेचे, दोघेही मानी. जागांवरून तंटा विकोपास गेला, आणि वानखेड्यांनी अर्ध्या मैलावर दुसरे स्टेडियम उभे केले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झालीसुद्धा! पुण्यात तेच. नेहरू स्टेडियम महापालिकेचे, सामने महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे. पासांवरून आणि हक्कांवरून खटके उडत राहिले आणि संघटना शहर सोडून द्रुतगती मार्गाच्या कडेला गहुंज्याला गेली. केनियाने १९९६ च्या विश्वचषकात वेस्ट इंडीजला हरवले ते नेहरू स्टेडियम गावाच्या मध्यात आहे. शाळा सुटल्यावर पोरगा चालत जाऊ शकत होता. गहुंज्याला चालत कोण जाणार? आणि तिथे तरी नाव टिकले का? सहाराचे नाव लावले, आणि पैशांवरून बिनसल्यावर २०१३ मध्ये झाकून टाकले."

"झाकले खरे," श्रीकांत हसला, "पण गहुंजे नसते तर २०२३ ची महाराष्ट्र प्रीमियर लीगही नसती."

"तिचेच सांगतो! संघ सहा. पुणे, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर, रत्नागिरी, सोलापूर. साऱ्यांचे सामने एकट्या गहुंज्यात. अंतिम सामना पावसाने वाहून गेला आणि गुणतक्त्यात वर असल्यामुळे रत्नागिरीला विजेते ठरवले. आता मला सांग, रत्नागिरीचा संघ रत्नागिरीत न खेळता, अंतिम सामनाही पुरा न होता महाराष्ट्राचा विजेता होतो, तर रत्नागिरीच्या माणसाने मिरवणूक काढायची ती कशाची? आणि याही यादीत जळगाव नाही, धुळे नाही. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीत आम्ही आहोत बरे का. नकाशात आहोत, वेळापत्रकात नाही."

पुऱ्या तळून झाल्या होत्या. जेवताना वाद थांबेल असे मला वाटले होते, परंतु श्रीकांतने याच वेळी ऑस्ट्रेलियाचा विषय काढला. त्याचा एक चुलतभाऊ मेलबर्नला असतो आणि तिथल्या फुटबॉलचे त्याला वेड लागले आहे. हा फुटबॉल आपण समजतो तो नव्हे. लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, हात आणि पाय दोन्हींचा वापर. त्या खेळाच्या मुख्य लीगचे बहुतेक जुने क्लब म्हणजे मेलबर्नची उपनगरे. कॉलिंगवुड, रिचमंड, कार्लटन, फुट्सक्रे, नॉर्थ मेलबर्न. दादर, परळ, गिरगाव असे संघ असावेत तसे. प्रत्येकाचे आपले छोटे मैदान होते. आज लीगचे सामने त्या मैदानांवर होत नाहीत. शहराच्या दोन मोठ्या स्टेडियमांत क्लब पाळीपाळीने खेळतात.

"तात्यामामा, तिथे तुमच्या बाजूचा पुरावा जास्त आहे हे मीच सांगतो," तो म्हणाला. "२००० साली बंदराच्या जुन्या गोदीजवळ नवे छपराचे स्टेडियम उघडले. लहान क्लबांचे त्याच्याशी करार असे होते, की प्रेक्षक एका संख्येच्या खाली आले तर सामना भरवूनसुद्धा क्लबाच्या हाती काही उरत नसे, उलट पदरचे द्यावे लागत. शेवटी २०१६ मध्ये लीगनेच ते स्टेडियम विकत घेतले. मग लहान क्लबांनी काय केले? आपले घरचे सामने विकले. हॉथॉर्न समुद्रापलीकडे टास्मानियात लॉन्सेस्टनला जाऊन घरचे सामने खेळू लागले, तिथले सरकार त्याचे पैसे देऊ लागले आणि जर्सीवर टास्मानियाचे नाव लागले. नॉर्थ मेलबर्न होबार्टला जाऊ लागले. गंमत पाहा, शुक्रवारच्या रात्री फुटबॉल खेळवण्याचा प्रघात १९८५ च्या सुमारास याच नॉर्थ मेलबर्नने पाडला. आता शुक्रवारची रात्र म्हणजे सर्वांत महाग वेळ, आणि ती मिळते मोठ्या क्लबांना. ती मिळाली की प्रायोजक मिळतो, प्रायोजक मिळाला की खेळाडू मिळतात, आणि खेळाडू मिळाले की पुन्हा शुक्रवार मिळतो."

"आणि ज्याला शुक्रवार मिळत नाही तो?"

"साउथ मेलबर्नचा क्लब १९८२ साली उठून सिडनीला गेला. फिट्झरॉयचा १९९६ मध्ये ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला. शंभर वर्षांहून जुना होता."

तात्या बराच वेळ भरीत कालवीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे दत्तक गेला. नाव गेले, इनाम गेले, कुळ दुसऱ्याचे झाले."

श्रीकांतने लगेच दुसरी बाजू मांडली. त्या लीगचा २०२५ ते २०३१ चा प्रक्षेपण करार साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा आहे, आणि लीग त्यातून दुबळ्या क्लबांना अधिक वाटा देते. तो वाटा नसता तर फिट्झरॉयच्या मागून आणखी दोन-तीन क्लब गेले असते. म्हणजे ज्या करारांनी लहान क्लबांची मैदाने घेतली त्याच करारांच्या पैशावर ते क्लब आज उभे आहेत. आपल्याकडे आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क अठ्ठेचाळीस हजार तीनशे नव्वद कोटींना गेले, आणि संघमालकांचा निर्वाह मुख्यतः त्यातल्या वाट्यावर चालतो, मैदानाच्या तिकिटांवर नाही. "तेव्हा मालक मैदानाकडे पाहील की वाहिनीकडे?" असे त्याने विचारले, आणि स्वतःच उत्तर न देता पाणी मागितले.

मला इथे २०१६ चा उन्हाळा आठवला आणि मी तो मध्ये घातला. मराठवाडा होरपळत होता, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये हुकूम दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत, कारण खेळपट्ट्यांना पाणी घालणे त्या दिवसांत शोभणारे नाही. सामने गेले. मुंबई आणि पुणे, दोन्ही संघांनी विशाखापट्टणम हे आपले घर म्हणून निवडले. आठ वाजता सामना लागायचा तो आठ वाजताच लागला. जळगावात ज्याने तो पाहिला त्याला फरक जाणवला असेल तर एवढाच की समालोचक गावाचे नाव वेगळे घेत होता. तो हुकूम मला त्या वेळी रास्त वाटला होता आणि आजही वाटतो. परंतु दोन संघ आपला मुलूख सोडून दुसऱ्या राज्यात जातात आणि इकडे कोणाचेच काही अडत नाही, याचा अर्थ मुलुखाशी त्यांची गाठ आधीच सैल झाली होती, हेही त्यातून दिसले.

"माझ्या हाती एक कागद आहे," तात्या अकस्मात म्हणाले. खरोखरच त्यांच्या हाती कागद नव्हता. ही त्यांची बोलण्याची कचेरीतली लकब. "१९९३ च्या हिरो कपवरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९५ साली न्यायालयाने सांगितले की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. लक्षात घे, सार्वजनिक! गायरानासारखी. मग त्या गायरानावर चरणाऱ्याने गावाला काही देणे लागते की नाही?"

"देणे लागते. पण मामा, आधी गावाने आपले मैदान मोकळे ठेवले आहे का ते सांगा. प्रदर्शन आले, मैदान दिले. आनंदमेळा आला, दिले. निवडणुकीची सभा, दिले. मग महिनाभर खिळे आणि बांबूंचे खड्डे. वाहिनीचा माणूस पाहणीला आला तर त्याला मी काय दाखवू? चार हजार माणसे बसतील, छत गळणार नाही आणि वीज जाणार नाही असे एक बंदिस्त सभागृह दाखवा, मी उद्या बोलणी लावतो."

हा घाव वर्मी लागला. तात्यांनी तालमीच्या चिटणीसपदावर असताना गावचे मैदान असल्याच एका प्रदर्शनाला भाड्याने देण्याविरुद्ध दरखास्त केली होती आणि ती दप्तरी दाखल झाली होती, हे मला ठाऊक होते. ते मात्र त्याबद्दल बोलले नाहीत. त्यांनी भाच्याकडून एक वही मागवली आणि म्हणाले, "लिही. खानदेशाच्या संघाचा करारनामा. मी मसुदा सांगतो."

मग भांडी घासली जात असताना तो अद्भुत दस्तऐवज तयार होऊ लागला. कलम पहिले : संघाच्या नावात खानदेश असेल तर हंगामातील निदान आठ सामने जळगाव, धुळे व नंदुरबार यांपैकी कुठे तरी व्हावेत. श्रीकांतने आठांचे चार केले, तात्यांनी कुरकुरत मान्य केले. कलम दुसरे : क्रीडासंकुलात रोज सरावाला येणाऱ्या मुलामुलींना सामन्यांच्या नावाखाली पंधरा दिवसांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, आणि दिवे लावण्यासाठी पाडलेले खड्डे मक्तेदाराने स्वखर्चाने बुजवून द्यावेत. हे श्रीकांतने बिनतक्रार लिहिले. कलम तिसरे : तिकिटांच्या दहात एक जागा जिल्ह्यातील शाळांना. हेही झाले.

चौथे कलम वेळेचे होते. तात्यांचा आग्रह सायंकाळी सहाचा, कारण सामना आठला सुरू होऊन दहाला संपला तर साक्री-शिरपूरकडच्या माणसाला एसटी मिळणार नाही, आणि ज्याला परत जायला गाडी नाही तो येणारच नाही. श्रीकांत म्हणाला की सहा वाजता दुकानदार दुकानात असतो आणि शेतकरी गोठ्यात. त्या वेळेचा भाव आठच्या वेळेच्या पाव हिश्श्यानेही मिळत नाही. सातचा तोडगा मी सुचवला. सातला मालिका असतात, त्या हलवणे अशक्य, असे उत्तर आले. शेवटी श्रीकांतने पेन्सिलीने लिहिले, ‘वेळ उभयपक्षी ठरेल त्याप्रमाणे’. तात्यांनी चष्मा पुसला, ते वाचले आणि खोडले. "उभयपक्षी म्हणजे पैसे देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. असे दस्त मी पुष्कळ नोंदवलेले पाहिले आहेत." त्यांनी खिशातले शाईचे पेन काढून तिथे सहा असा आकडा घातला.

"सहाला प्रायोजक मिळणार नाही, मामा."

"रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारू," तात्या म्हणाले, "त्यांना संध्याकाळी सहाला बोलवले तर येतील, आणि पैसे देतील तर समोर बसून देतील." आणि वहीच्या मागच्या पानावर ते व्यापाऱ्यांची नावे आठवून आठवून लिहू लागले, तर श्रीकांत त्यांतल्या प्रत्येकापुढे तो किती देईल याचा अंदाज मांडू लागला, आणि तो अंदाज पहिल्यापासूनच कमी पडत होता.